कावेरीचा स्वभाव

मिलिंद हसला आणि विशाखाच्या हातातलं उलथनं जागच्या जागी थांबलं.

ती स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. समोरच्या खोलीतून आलेलं ते हसू उगाच केलेलं नव्हतं. पोटातून आलेलं, शेवटी ठसका लागेपर्यंत लांबलेलं हसू होतं. झटका आल्यापासून मिलिंद असा हसला नव्हता. त्याला हसवण्यासाठी विशाखाने काय काय केलं होतं! लेकीच्या लहानपणच्या फजित्या सांगितल्या, शाळेतल्या मुख्याध्यापकांच्या नकला केल्या, एकदा तर त्याची गाईडची टोपी घालून घरभर फिरली. तो ओठाचा एक कोपरा वर उचलायचा, तिचं मन राखण्यापुरता. आणि आज एका बाईने त्याला ठसका लागेपर्यंत हसवलं होतं. तिला ना हाड होतं, ना मांस, ना सावली.

शेंगदाणे करपल्याचा वास आला तेव्हा विशाखा भानावर आली. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि दाराच्या फटीशी जाऊन उभी राहिली.

मिलिंद खरात वेरूळच्या लेण्यांचा गाईड. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कामापुरती नव्हे, चांगली अस्खलित जपानी. दिवसभर पाहुण्यांपुढे बोलून बोलून तो सिडको वसाहतीतल्या घरी यायचा तेव्हा त्याच्या जिभेला जणू सुट्टी असायची. चहा, जेवण, बातम्या, झोप. घरात बोलायचं काम विशाखाचं. ती गणिताची शिक्षिका. फळ्यावर प्रश्न लिहायचा आणि मुलं तोंड उघडायच्या आत उत्तरही आपणच सांगून टाकायचं, अशी तिची ख्याती. संसारातही तेच. नातेवाइकांनी मिलिंदला काही विचारलं की त्याच्या वतीने उत्तर विशाखाच देई, आणि मिलिंद मान हलवी. दोघांचं छान चाललं होतं असंच तिला वाटत आलेलं.

गेल्या हिवाळ्यात कैलास लेण्याच्या आवारात, पाहुण्यांच्या घोळक्यासमोर बोलता बोलता मिलिंदचं वाक्य अर्धवट राहिलं. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. हात आणि पाय व्यायामाने हळूहळू परत आले. शब्द आले नाहीत. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हणतात असं सांगितलं. समोरच्याचं सगळं कळतं, मनात सगळं उमटतं, पण ओठांपर्यंत पोचत नाही. मिलिंदच्या ओठांपर्यंत एकच शब्द पोचायचा, “तेच.” पाणी हवं असलं तरी तेच, पंखा नको असला तरी तेच, लेकीचा फोन आला तरी डोळे भरून तेच.

विशाखा ते सगळे ‘तेच’ ओळखायला शिकली. सुरावरून, भुवईवरून, बोटांवरून. नोकरीची थोडी वर्षं उरली होती, तरी तिने ती सोडली. भेटायला येणाऱ्यांना ती अभिमानाने सांगायची, “त्यांनी एक शब्द उच्चारला की पुढचं सगळं मला कळतं.” लोक म्हणायचे, नशीबवान आहेत मिलिंदराव.

मग हैदराबादला असणाऱ्या लेकीने, उत्पलाने, कुठूनतरी ‘सोबती’ या उपक्रमाची माहिती काढली, आणि शर्वरी तांबोळी नावाची तरुण मुलगी घरी आली. तिच्यामागून दोन माणसांनी माणसाच्या उंचीची एक काच आणून समोरच्या खोलीत भिंतीला टेकवली.

शर्वरी आभासी माणसं घडवायची. म्हणजे त्यांचे चेहरे नव्हे, ते काम आता सोपं झालं होतं. ती त्यांचे स्वभाव घडवायची.

“काकांच्या मेंदूतून शब्द पुसले गेलेले नाहीत,” ती विशाखाला समजावून सांगत होती. “टाकी भरलेली आहे, नळापर्यंतची पाइपलाइन फुटली आहे. मेंदू दुसरीकडून नवी पाइप टाकू शकतो. पण त्याला तशी निकड वाटली पाहिजे. आपण कपाचं चित्र दाखवून विचारतो, हे काय? आता समोरच्याला माहीत आहे की तो कप आहे. मग मेंदू म्हणतो, सांगायचं कशाला? निकड कधी वाटते? समोर खरोखरच अनोळखी माणूस असेल, त्याला स्वतःचं मत असेल, आणि ते मत चुकीचं असेल तेव्हा.”

“बाजारात अशी बोलणारी माणसं बरीच आहेत की,” विशाखा म्हणाली.

“आहेत. आणि लोक त्यांना पंधरवड्यात कंटाळतात. ती फार चांगली असतात हो! काहीही बोला, ‘वा, किती छान’. आम्हीही आधी तीच चूक केली. प्रेमळ, विनोदी, समंजस अशी विशेषणं लिहायचो आणि त्यातून माणूस निघेल अशी वाट बघायचो. विशेषणांतून माणूस निघत नाही. आता आम्ही आयुष्य चालवतो. संगणकाच्या आत तिचं बालपण घडतं, शाळा होते, भावाशी भांडण होतं. आठवणी साठतात, काही विटतात, काही एकमेकींशी पटवून घेत नाहीत. त्या सगळ्यातून जे तयार होतं तो स्वभाव. ती कशी निघेल हे आम्हालाही आधी ठाऊक नसतं. आणि तुम्ही काच बंद केलीत तरी तिचा दिवस तिकडे चालूच राहतो. उद्या भेटल्यावर तिच्याकडे तिचं म्हणून काहीतरी सांगायला असतं.”

“यांच्याबद्दल काय काय सांगितलंय तिला?”

“काहीच नाही. मुद्दामच. काकांना सगळं स्वतः सांगावं लागेल.”

“आणि शब्द अडला तर?”

“काच त्यांचे ओठ, श्वास, डोळे बघत असते. शब्द वाटेत आहे की वाट चुकलाय ते तिला कळतं. वाटेत असेल तर ती थांबते.”

“किती वेळ?”

“येईपर्यंत.”

विशाखाला हसू आलं. “एवढा खटाटोप कशाला? ते ‘तेच’ म्हणाले की मला कळतं.”

शर्वरी हळूच म्हणाली, “तीच तर अडचण आहे, काकू.” तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. तरी ते वाक्य विशाखाच्या मनात कुसळासारखं जाऊन बसलं.

काचेत आली ती कावेरी. पन्नाशी उलटलेली, गुहागरकडची, रोपवाटिका चालवणारी. केस कसेतरी वर बांधलेले, बोटांना माती. बांधावरच्या फणसावरून भावाशी अबोला धरलेली. तिने वेरूळ कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती. तिला ऐन वेळी साधे शब्द आठवायचे नाहीत. “ते हे हो, आपलं...” करत ती हवेत हात फिरवायची. ती आभासी आहे हे मिलिंदला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. त्याने मान हलवली होती. त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

सुरुवातीला विशाखाही शेजारी बसायची. कावेरीने विचारलं, “तुम्ही काय करता?” आणि मिलिंदचे ओठ हलायच्या आत विशाखा म्हणाली, “वेरूळला गाईड होते.” कावेरीने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा मिलिंदकडे पाहिलं आणि तोच प्रश्न परत विचारला. दोन-चार दिवसांनी शर्वरीने फोन करून, फार गोड शब्दांत, विशाखाला बाहेर बसायची विनंती केली.

तेव्हापासून विशाखाच्या वाट्याला दाराची फट आली.

“कातळ कोरून आत तुळया काढल्यात म्हणतात,” कावेरी एकदा म्हणाली. “दगडाच्या तुळया? लाकडासारख्या दिसाव्यात म्हणून? मग लाकडाचंच का नाही बांधलं? येडेपणाच झाला की हा.”

मिलिंद खुर्चीत ताठ झाला. आयुष्यभर ज्या लेण्यांवर तो जगला त्यांना कुणी येडेपणा म्हणत होतं. त्याचा हात उठला, ओठ थरथरले.

“ला... लाकूड... कुजतं!”

विशाखाने दाराआड तोंडावर हात दाबला. ‘तेच’ सोडलं तर झटक्यानंतरचे त्याचे पहिले दोन शब्द होते ते. तिला रडू आलं, आणि रडता रडताच तिच्या छातीत दुसरंही काहीतरी पेटलं. या घरात त्याची वाट बघणारी ती होती. त्याला भरवलेलं तिने, उठवलेलं तिने, पाठ चोळलेली तिने. आणि शब्द गेले ते काचेतल्या त्या बाईला.

मग करपलेल्या शेंगदाण्यांच्या दिवशीचं ते हसू आलं, आणि पुढे ते वाढतच गेलं. मिलिंद दुपारी चार वाजायच्या आधी आरशासमोर उभा राहून डाव्या हाताने भांग पाडू लागला. निळा शर्ट मागू लागला. विशाखाने मुद्दाम दोनदा निळा शर्ट धुवायला टाकला, तेव्हा तो बिनइस्त्रीचा काढून त्याने अंगात चढवला. ती काचेवर जुनी चादर टाकून ठेवायची. तो चादर काढून व्यवस्थित घडी करायचा. घडी करायला त्याला बराच वेळ लागायचा, पण तो करायचा.

“आई, तू एका सॉफ्टवेअरवर जळतेस?” उत्पला फोनवर म्हणाली.

“मी कशाला जळू?”

“बाबा बोलायला लागलेत ना? मग?”

“बोलतात. तिच्याशी,” विशाखा म्हणाली आणि फोन ठेवला.

एके दिवशी कावेरीचा मोगरा मेला होता. ती उदास होती, फारसं बोलत नव्हती. बहुधा म्हणूनच मिलिंद आपणहून सांगायला लागला.

“संध्याकाळी... सगळे... गेले की... मी... दहा. दहा नंबर.”

“दहा नंबर काय? बस?”

“ले... लेणं.”

“बरं. तिथं काय?”

तो थांबला. ती थांबली. भिंतीवरचा पंखा फिरत राहिला. दाराआड विशाखाला राहवेना. काय असेल, झाडायचा असेल, दिवे बघायचा असेल. तिच्या जिभेवर चार उत्तरं येऊन गेली.

“गा... गायचो,” मिलिंद म्हणाला.

“तुम्ही? अहो, आवाज तर फाटक्या पोत्यासारखा आहे!”

“तिथं... नाही.” तो हसला. “तिथं... गोड.”

आणि त्याने म्हणून दाखवलं. त्याची आई जात्यावर म्हणायची त्यातलं काहीतरी. आश्चर्य म्हणजे गाण्यातले शब्द कुठेच अडले नाहीत. एकामागून एक, सलग येत गेले. शर्वरीने हेही सांगितलं होतं, की सुरांची वाट मेंदूच्या दुसऱ्या भागातून जाते आणि ती पुष्कळदा शाबूत राहते. विशाखाला तेव्हा ते पटलं होतं. आत्ता मात्र तिला मेंदू आठवला नाही. तिला एवढंच कळलं, की तिचा नवरा वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी लेण्यात एकटा गात होता आणि मग घरी येऊन मुकाट्याने चहा पीत होता. त्याच्या गळ्यात सूर आहे हे तिला आज कळत होतं, आणि तेही दाराआडून, दुसऱ्या बाईच्या निमित्ताने.

दुसऱ्या दिवशी शेजारचे कुलथे मिलिंदला बागेत फिरायला घेऊन गेले तशी विशाखाने काचेवरची चादर खेचली.

कावेरी पाठमोरी बसून पिशव्यांत माती भरत होती. “वहिनी ना? आले हं. हात मातीत आहेत.”

“तुम्ही कोण आहात ते माहीत आहे ना तुम्हाला?”

“माहीत आहे की.” कावेरी वळली. “ही माती खरी नाही नि मीही नाही. पण मोगरा गेला त्याचं वाईट वाटायचं ते वाटतंच. त्याला काय करणार?”

तिने कांगावा केला असता, गोंधळली असती, तर विशाखाला बरं वाटलं असतं. तिने सरळच विचारलं, “ते माझ्याबद्दल काय बोलतात?”

“ते मी नाही सांगायची.”

“मी बायको आहे त्यांची.”

“म्हणूनच. तुम्ही त्यांनाच विचारा.”

“म्हणजे बोलतात काहीतरी?”

“बोलतात. परवा तर तुमचं नाव घ्यायला इतका वेळ लागला त्यांना, पण घेतलं हं पुरतं! मी इकडे इतकी गुंतले ऐकण्यात, की माझी ती... ते हे हो, आपलं... रोपांना पाणी घालायची...”

“झारी,” विशाखा म्हणाली.

“हां, झारी. ती कलंडली.” कावेरीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. “मला सापडत होता तो शब्द, वहिनी.”

विशाखाने चादर टाकली. झटक्यानंतर मिलिंदने तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. ती रोज सकाळी त्याच्यासमोर बसून “म्हणा, वि-शा-खा,” असं किती दिवस करत होती. शेवटी तिने तो नाद सोडला होता. ते नाव तो कावेरीजवळ म्हणाला होता. विशाखाचं नाव, आणि ते ऐकायला विशाखा नव्हती.

ती थेट शर्वरीच्या केंद्रात गेली.

“त्यांना झोप लागत नाही,” तिने सांगितलं. “डोकं धरून बसतात. ती वाद घालते आणि यांना त्रास होतो. तिच्याशी बोलून झालं की रडतात.” एकामागून एक वाक्यं येत गेली, वर्गात उदाहरण सोडवून दाखवावं तशी बिनचूक. त्यातलं एकही खरं नव्हतं.

शर्वरीच्या कपाळाला आठ्या पडल्या. “त्यांची प्रगती तर चांगली दिसते आहे. हट्ट, मतं, तिच्या स्वतःच्या इच्छा, हे सगळं कमी करता येतं, काकू. पण मग ती कावेरी राहणार नाही. एकदा काकांशी बोलू का मी?”

“ते काय सांगणार? त्यांच्या वतीने मीच बोलते,” विशाखा म्हणाली.

शर्वरीने थोडा विचार केला. “ठीक आहे. तुम्ही त्यांना जास्त ओळखता.”

त्या दिवसापासून कावेरी गोड झाली. केस नीट विंचरलेले, बोटं स्वच्छ. शब्द विसरायची नाही. भावाचं भांडण मिटलं होतं, मोगरा पुन्हा फुलला होता. विशाखा आता दार सताड उघडं ठेवून स्वयंपाकघरात काम करत होती.

“आज किती छान दिसताय, मिलिंदराव!” कावेरी म्हणाली.

मिलिंदने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग सावकाश म्हणाला, “कैलास... लाकडाचं... आहे.”

“हो का? किती सुंदर!”

“खालून... वर... बांधलं.”

“वा! केवढी मेहनत असेल ना.”

कैलास अखंड कातळातून वरून खाली कोरत आणलंय हे त्याने कावेरीला किती दिवस लावून, घामाघूम होत समजावलं होतं. त्यावर तिने त्याच्याशी हुज्जत घातली होती, कळस आधी नि पाया नंतर असं कुठं असतं का म्हणून. मिलिंद उठला आणि चादर त्याने स्वतःच्या हाताने काचेवर टाकली. नीट ओढून, कोपरे सारखे करून.

पुढचे काही दिवस विशाखाला फार बरं गेलं, हे खोटं कशाला बोला. चार वाजायचे आणि मिलिंद जागचा हलायचा नाही. निळा शर्ट कपाटात पडून राहिला. तो पुन्हा “तेच” म्हणू लागला आणि विशाखा पुन्हा ओळखू लागली. पाणी? पंखा? उत्पलाला फोन लावू? ती दिवसभर दोघांचंही बोलत होती. जिंकल्यासारखं वाटत होतं तिला.

मग तो “तेच”सुद्धा म्हणेनासा झाला. तिने काही विचारलं तर तोंड खिडकीकडे फिरवायचा. भाकरी पुढे ठेवली तर दोन घास खायचा. तिने निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर लावला. तो त्याने तसाच राहू दिला.

एका दुपारी त्याच्यासमोर ताक ठेवत ती म्हणाली, “अहो, असं करू नका हो. आज बसा ना कावेरीशी बोलत. आता ती वाद घालत नाही, त्रास देत नाही...”

बोलून गेली आणि जीभ चावली. मिलिंदने मान वळवली. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर स्थिरावले, लेण्यातल्या अंधारात टॉर्चचा झोत एखाद्या मूर्तीवर थांबावा तसे.

“तू?” तो म्हणाला.

“मी काय? मी काही...”

“तू!” त्याने टेबलावर थाप मारली. ताक सांडलं. “तू... तिला... बा... बावळट केलंस!”

इतक्या जोराचं वाक्य त्याने कावेरीजवळही कधी उच्चारलं नव्हतं. विशाखाच्या मनात शरम दाटली आणि त्याच क्षणी, तिलाही नवल वाटावं असा, एक वेडा आनंदही. हे माझ्याशी बोलले. हे वाक्य माझं.

“हो, केलं!” ती ओरडली. “मी केलं. खोटं बोलून केलं. मला नाही सहन होत! सकाळपासून तुमच्यामागे मी धावायचं, आणि तुम्ही चार वाजता भांग पाडून तिच्यासमोर! तिला गाणं म्हणून दाखवता. मला ठाऊक तरी होतं का तुम्ही गाता ते? माझं नाव तिला सांगता. मला नाही. मीच मिळाले होते का तुम्हाला तेच-तेच करायला?”

“ऐक.”

“काय ऐकू? ऐकतेच आहे मी, दाराच्या फटीतून!”

“ऐक!” त्याचा आवाज चिरकला. “तू... बोलतेस. फा... फाडफाड. माझं... पण... तूच. मी... उभा. मुका. तुझ्यापुढे.” तो धापा टाकत होता. कपाळावर घाम आला होता. “ती... अडते. ती पण... अडते. तिला... लाज नाही. मला... तुझा...”

तिथे तो अडला.

मला तुझा. पुढचा शब्द विशाखाला माहीत होता. राग. नाहीतर कंटाळा. होय, कंटाळाच. आयुष्यभर त्याच्या तोंडचा घास काढून घ्यावा तसं बोलणं काढून घेतलं, त्याला कंटाळाच आला असणार. शब्द तिच्या ओठांवर आला. तो म्हणून टाकला असता तर निदान वाट बघणं तरी संपलं असतं. तिने खालचा ओठ दातांत धरला. मिलिंदचे ओठ हलत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. एक चुकीचा शब्द आला, तो त्याने मान हलवून परतवला. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. टेबलाच्या कडेवरून ताक ठिबकत होतं. विशाखा पुसायला उठली नाही.

“हे... हेवा,” मिलिंद म्हणाला. “हेवा वाटतो.”

तिच्या डोक्यात हा शब्द आलाच नव्हता. हजार शब्द मांडले असते तरी आला नसता. ज्याच्या बोलण्यावर जपानहून आलेली माणसं माना डोलवायची, तो माणूस खुर्चीत बसून रोज आपल्या बायकोच्या जिभेकडे बघत होता, आणि त्याला तिचा हेवा वाटत होता. तिच्यासमोर तोंड उघडायची त्याला लाज वाटत होती. आणि ती शेजाऱ्यांना सांगत होती, मला यांचं सगळं कळतं.

“मला वाटलं...” ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचं वाक्य तिलाच पुढे नेता आलं नाही.

संध्याकाळी तिने शर्वरीला फोन लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं. “मी त्यांना विचारायला हवं होतं,” शर्वरी म्हणाली. “कितीही वेळ लागला असता तरी. ती चूक माझी आहे. कावेरीची आधीची अवस्था आम्ही जपून ठेवतो, काकू. तिला वाटेल मध्ये काही घडलंच नाही.”

“मी तिच्याशी बोलले होते. वाईट बोलले होते. ते?”

“ते आठवेल तिला. ते आधीचं आहे. मग आणू का परत?”

विशाखाने तोंड उघडलं. मिलिंद समोरच बसला होता, फोनकडे बघत. हो म्हणायला एक क्षण पुरला असता. तिने फोन त्याच्या हातात दिला.

“काका?” आतून शर्वरीचा आवाज आला.

“आण,” मिलिंद म्हणाला. “ज... जशी होती... तशी. भां... भांडखोर.” बोलताना त्याचा चेहरा उजळला, आणि ते उजळणं विशाखाला झोंबलंच. झोंबणं एका दिवसात थोडंच जातं! पण तिने ते झोंबू दिलं आणि टेबल पुसायला घेतलं.

कावेरी परत आली, विस्कटलेल्या केसांची आणि मातीच्या बोटांची. पहिल्याच दिवशी तिने मिलिंदशी वाद घातला. विशाखाने आपल्या हाताने दार लोटून घेतलं, अगदी फटसुद्धा राहू दिली नाही, आणि गच्चीवर जाऊन बसली. आतून हसू ऐकू आलं असतं तर तिला पुन्हा तोच जाळ सोसावा लागला असता, आणि अजून तिचा स्वतःवर तेवढा भरवसा नव्हता.

काही वेळाने जिन्यावर पावलं वाजली. एक पाय ठाम, एक ओढता. मिलिंद कठड्याला धरून वर आला, निळ्या शर्टात, धापा टाकत. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी नवं ऐकून आलेल्या माणसाची घाई होती.

“का... कावेरी... भाऊ...” तो म्हणाला आणि हाताने हवेत काहीतरी मोठं, गोल दाखवलं.

विशाखाला काहीच कळलं नाही. भाऊ आला? फणस तोडला? भांडण मिटलं की वाढलं? तिला खरोखरच माहीत नव्हतं, आणि आता तिला ते माहीत करून घ्यायचं होतं. इतकं, की तिने खुर्ची त्याच्यासाठी सरकवली आणि स्वतः कठड्याला टेकून उभी राहिली.

“काय झालं हो भावाचं?” तिने विचारलं.

मिलिंद बसला. त्याने श्वास सावरला आणि हात वर केला.

“थांब,” तो म्हणाला. “सांगतो.”